वासासकट ट्राम

इगतपुरी
८ नोव्हेंबर २०२३

ती. काशीआत्या,

नमस्कार. मी उन्नती. तुझ्या मामेभावाची, वामनची धाकटी मुलगी. शिरगावला शेवटची आले ती सुलूमावशीच्या लग्नात, तेव्हा मी परकर घालत होते. त्यामुळे ओळख सांगावी लागतेय. बाबा म्हणाले, काशीला फोनवर ऐकू येत नाही, तिला पत्र लिही, ती वाचते आणि उत्तरही देते. म्हणून हे पत्र.

मी इथे एका संग्रहालयात काम करते. रुळांवर धावलेल्या जुन्या हलक्या गाड्या आम्ही जपतो. डोंगरातल्या छोट्या लाइनीवरची एक मोटरगाडी आहे, दुसऱ्या शहरातून निवृत्त झालेले दोन ट्रामचे डबे आहेत. त्यांचं लाकूड, पितळ, रंग सांभाळणं हे माझं काम. इतकी वर्षं आमचे प्रमुख निमकर साहेब एकच खंत बोलून दाखवतात, की मुंबईची ट्राम आपल्याकडे नाही. मुंबईत ट्राम बंद झाली १९६४ साली. डबे भंगारात गेले, लाकूड जळणात गेलं, असंच सगळे समजतात.

परवा जेवताना मी हे बाबांना सांगितलं, तर ते घास हातात धरून हसायला लागले. म्हणाले, "अगं, आमच्या काशीकडे आहे की. तिच्या सासूने आणलेली. त्यात बोंबील ठेवतात."

आत्या, हे खरं आहे का? डबा अजून उभा आहे? असला तर तो आम्हाला दे. आम्ही त्याचं सोनं करू. वर चढलेले सगळे रंग खरवडून काढू, सागवान पॉलिश करू, पितळ घासून चकचकीत करू. मुंबईच्या रस्त्यावर धावत होता तसा दिसेल. खाली पाटी लावू, तुझ्या सासूबाईंचं नाव देणगीदार म्हणून लिहू.

लवकर कळव. मला झोप लागत नाहीये.

तुझी भाची,
उन्नती


शिरगाव
२६ नोव्हेंबर २०२३

उन्नतीला काशीआत्याकडून,

तुझं पत्र आलं. अक्षर वामनसारखंच हाय, तिरकं. मी चौथी शिकलेली, तवा चुका धरू नको.

डबा हाय. उभा हाय. देणार नाय.

आता तुला वाटंल म्हातारी तुसडी हाय. मग ऐक. माझी सासू रंभाबाई शिरगावातनं मासळी घेऊन मुंबईला जायची. पहाटेच्या गाडीनं पालघरवरनं दादरला उतरायची, तिथनं पुढं ट्राम. पण मासळीची पाटी डोक्यावर असली का ट्रामवाला चढू द्यायचा नाय. कुणी चढलीच तर घंटी मारून गाडी थांबवायचा न् खाली उतरवायचा. बाकीची माणसं नाकाला रुमाल लावायची. सासू सांगायची, एकदा तिच्या पोटात माझा नवरा होता, तरी उतरवली. भर पावसात पाटी घेऊन चालत गेली.

मग ट्राम बंद झाली. डबे विकायला काढले. ही न् हिच्या सोबतच्या मासळीवाल्या, सगळ्यांनी मिळून एक डबा घेतला. चाकं नव्हती, मशीन नव्हती, नुसती पेटी. लोकं हसली. तिनं सांगितलं, ज्या गाडीनं आमाला उतरवलं, ती आता आमाला उतरवून दाखवंल काय. ससून डॉकला दोन मचवे एकाला एक बांधले, वर फळ्या टाकल्या, त्यावर डबा चढवला न् समुद्रानं शिरगावात आणला. किल्ल्याच्या बाजूला उतरवला तवा सारा गाव बघायला आलेला.

तवापासनं तो आमचा हाय. माझा एकटीचा नाय, उन्नती. मंदा, सुलू, शालू, माझ्यासारख्या ज्यांच्या सासवांनी घेतला त्या सगळ्यांचा. पावसाळ्यात सुका बोंबील, जवळा, मांदेली त्याच्यात राहतात. पितळेच्या दांडीला तराजू टांगतो. भांडणं त्याच्यात होतात, मिटतात पण त्याच्यात. शालूची पोरगी त्याच्यात जन्मली, कारण आभाळ फाटलेलं न् रिक्षा मिळंना. होडी रंगवून उरलेला रंग दर साली त्याला लावतो. निळा, हिरवा, परत निळा.

न् तू लिवतेस, ते सगळं खरवडून काढू. मग आमी कुठं गेलो? खरवडलेल्या पापुद्र्यात?

देणगीदार म्हणून नाव लिवणार! रंभाबाईनं दान केलं नाय, तिनं मिळवलं.

वामनला सांग तब्येत जप. कुंदन माझा बोईसरला एमआयडीसीत हायड्रा, म्हंजे क्रेन, चालवतो, कुंभवलीत राहतो. बरा हाय.

काशीआत्या


इगतपुरी
११ डिसेंबर २०२३

काशीआत्या,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, मग आमच्या रंगारी देवूला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "ताई, आता काय बोलणार?"

तरी बोलते. राग मानू नकोस. लाकूड कुणाचा मान ठेवत नाही. खारं वारं, वाळवी, पाऊस यांना रंभाआजी माहीत नाही. साठ वर्षं तो डबा तुम्ही टिकवलात ही कमालच आहे, पण पुढची साठ? तुमच्या मुली बोंबील सुकवणार आहेत का? कुंदन हायड्रा चालवतो, तो पावसाळ्याआधी डब्याला रंग देणार आहे का? तू म्हणतेस तो मिळवलेला आहे. मग मिळवलेली गोष्ट कुजू द्यायची, हा कुठला हट्ट?

खरवडण्याबद्दल तुझं म्हणणं मला कळलं. पण आमच्या कामात हीच पद्धत आहे. गाडी ज्या रूपात धावली त्या रूपात आणायची. लोक ती बघायलाच येतात.

मला एकदा डबा बघू दे. बघितल्यावर तू म्हणशील तसं. जानेवारीत येते.

उन्नती


शिरगाव
२९ जानेवारी २०२४

उन्नती,

येऊन गेलीस, बरं वाटलं. शालूनं केलेला बोंबलाचा रस्सा तू दोनदा घेतलास, ती अजून सगळ्यांना सांगत फिरते.

तू डब्यात शिरलीस, बाकं हातानं चाचपलीस, खिडकीच्या पट्ट्या वरखाली करून बघितल्यास. मग मागच्या दारात गेलीस न् थांबलीस. परत आलीस तवा तोंड उतरलेलं. चहा प्यालीस, पण विचारलं काय नाय. जाताना माझा हात धरलास, तरी काय नाय.

तू विचारलं नाय म्हणून मीच सांगते. होय, मागच्या दाराच्या खाली आता जमीन नाय. मी नवी नवरी आली तवा डब्याच्या मागं सुरूची झाडं होती, त्याच्या मागं पांढरी रेती, त्याच्या मागं लांब समुद्र. पोरं रेतीत क्रिकेट खेळायची. सुरू गेले. रेती गेली. दगडांचा बांध घातला, तो पण खचला. गेल्या जुलैच्या उधाणाला पाणी डब्यात आलं. आमी पोती डोक्यावर घेऊन उभ्या होतो. येत्या उधाणात तो जाणार हे मला माहीत हाय, मंदाला माहीत हाय, सगळ्यांना माहीत हाय.

तुला का नाय लिवलं? कारण मग तू कीव केली असतीस. तू तो मागितलास न् मी नाय बोलली, ते आपलं बरोबरीचं बोलणं होतं. समुद्र आला म्हणून हात पसरून देणं वेगळं. मला तसं द्यायचं नाय.

परवा आमी सगळ्या बसलो, डब्यातच. मी विचारलं, काय करायचं? सुलू बोलली, बुडंल तर बुडू दे, आपल्या हातनं बुडंल. मंदा बोलली, आपल्या सुना बघणार पण नाय काय होता तो. शालूनं तराजूच्या हुकाला हात लावला. मग बोलली, "देऊ. पण हाय तसा. वासासकट."

तर आमचं ठरलं ते हे. डबा देऊ. रंग खरवडायचा नाय. दांडीच्या खुणा, तराजूचा हूक, शालूनं बाकावर कोयत्यानं कोरलेली पोरीची जन्मतारीख, सगळं ऱ्हायला पाहिजे. न् वास काढायचा नाय. मान्य असंल तर गाडी आण. नसंल तर समुद्र तरी आमच्या ओळखीचा हाय.

काशीआत्या


इगतपुरी
१२ फेब्रुवारी २०२४

काशीआत्या,

त्या दारात मला जे वाटलं ती कीव नव्हती. मी घाबरले होते. तुझ्यासाठी नाही, डब्यासाठी. पण तुझं बरोबर आहे, मी तिथेच बोलायला हवं होतं.

तुमची अट मी निमकर साहेबांसमोर जशीच्या तशी वाचली. "वासासकट" हा शब्दही. ते नाही म्हणाले. चिडून नाही, शांतपणे. म्हणाले, "उन्नती, हे संग्रहालय आहे, कोठार नाही. लोक ट्राम बघायला येणार, त्यांना ट्राम दिसायला हवी."

मी म्हटलं, ट्राम बारा-पंधरा वर्षं रस्त्यावर धावली असेल, शिरगावात ती साठ वर्षं आहे. तिचं आयुष्य कुठलं धरायचं? मी म्हटलं, मग निदान एकदा जाऊन बघा. मला वाटलं टाळतील, पण लगेच हो म्हणाले. पुढच्या आठवड्यात येतायत. एकटेच येणार आहेत, मी असले की मी मध्ये बोलते असं त्यांचं म्हणणं.

ते वाईट नाहीत, आत्या. पण त्यांच्यापुढे कुणी टिकत नाही. तू टिकशील असं वाटतं.

उन्नती


शिरगाव
२५ फेब्रुवारी २०२४

उन्नती,

तुझे साहेब येऊन गेले. उमरोळीला उतरले, पालघरला उतरायचं सोडून, मग तिथनं रिक्षा फिरत फिरत आली. घामाघूम झालेले. उंच माणूस, पांढरा शर्ट, बूट धुळीनं भरले.

डब्याच्या दारात आले न् रुमाल काढून नाकाला लावला. मंदानं माझ्याकडं बघितलं. मी तिला डोळ्यानंच दाबली.

आत सगळ्या बसलेल्या. मी बोलली, "साहेब, बसा."

ते उभेच. दांडीला हात लावला, वर बघितलं, छपराला बघितलं. मग रुमालातनंच बोलले, "ही स्वच्छ करावी लागेल. मूळ रूपात आणू."

"मूळ म्हणजे कवाचं?"

"कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवसाचं."

"त्या दिवशी त्याच्यात कुणी बसलं होतं?"

"नाही, नवीन गाडीत कोण बसणार?"

मी बोलली, "मग जी गाडी कुणाचीच नव्हती ती तुमाला पाहिजे."

सुलू हसली, जोरात. साहेबांना राग आला असंल, पण दिसला नाय. ते खिडकीजवळ गेले, बोट लावून बघितलं, होडीचा निळा रंग नखाला लागला. मग म्हणाले, "मी सात वर्षांचा असताना आईचा हात धरून अशा ट्राममधून गेलोय. खिडकीला मरून रंग होता. मला तो मरून रंग परत बघायचाय, बाई. एकदा."

हे ऐकून मला जरा काय तरी झालं, खोटं कशाला बोलू. तरी मी बोलली, "तुमची आई चढली, साहेब. आमची सासू उतरवली. दोघी एकाच गाडीतल्या."

मग ते बसले. रुमाल खिशात टाकला. शालूनं पाणी दिलं. उठता उठता बोलले, "बरं. आत्ता आहे तशी आणू. पुढचं पुढे बघू."

बाकीच्या खूष झाल्या. मी पण हसली. पण उन्नती, "पुढचं पुढे" हे मला टोचतंय. तू त्यांना विचार, पुढचं काय?

काशीआत्या


इगतपुरी
२२ एप्रिल २०२४

काशीआत्या,

डबा पोहोचला! तू ट्रेलरमागे वेशीपर्यंत चालत आलीस ते मी आरशात बघत होते. कुंदनने हायड्राने डबा उचलला तेव्हा मी डोळे मिटले होते, उघडले तर तो हवेत होता आणि तळातून वाळू गळत होती. आणि ट्रेलर गल्लीत अडकला तेव्हा शालूमावशीने पहार घेऊन स्वतःच्या न्हाणीची भिंत पाडली. "परत बांधीन की" म्हणाली. देवूला मी ते सांगितलं तर तो दिवसभर तेच घोळवत होता.

मनोर, वाडा, भिवंडी. वाड्याच्या रस्त्याला खड्डे असे की प्रत्येक खड्ड्याला मी देवाचं नाव घेतलं. कसाऱ्याच्या घाटात थांबलो तर चहावाला म्हणाला, "मासळी कुठं निघाली?" आम्ही म्हटलं, म्युझियमला. त्याने पैसे घेतले नाहीत.

आता डबा मोठ्या शेडमध्ये आहे, डोंगरातल्या मोटरगाडीशेजारी. शेडचं दार उघडलं की आधी वास येतो, मग डबा दिसतो. मला बरं वाटतं.

तू विचारलंस, पुढचं काय? मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "मी तिथे बोललोय, तसंच होईल." त्यावर मी आणखी विचारलं नाही. तूही काळजी करू नकोस.

बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, त्यासाठी मी नाशिकला जातेय. परत आले की लाकडाची औषधफवारणी सुरू करू. तिला वास नसतो, मी मुद्दाम तशीच निवडली आहे.

उन्नती


शिरगाव
१४ मे २०२४

उन्नती,

वामनचा डोळा बरा हाय ना? पट्टी काढली का? ते आधी कळव.

तू कुंदनला फोन केलास तवा तो माझ्याकडंच होता. तो फोन ऐकत होता न् त्याचं तोंड बघूनच मला कळलं. बोलला, "आई, देवूनं उन्नतीताईला फोन केला. साहेबांनी डबा खरवडायला सांगितलाय. एक बाजू झाली पण." न् तू रडत होतीस, म्हणत होतीस का वामनला टाकून येता येत नाय.

मी विचारलं, "टेम्पो हाय?" एवढंच विचारलं.

पहाटे निघालो. मी, मंदा, सुलू, शालू. कुंदनच्या दोस्ताचा मासळीचा टेम्पो, मागं बर्फाच्या खोक्यांवर बसलो. इगतपुरीत थंड वारा, आमी कुडकुडत उतरलो. शेडच्या दारावरचा माणूस बोलला, काम चालू हाय, आत नाय जायचं. मंदा त्याला बोलली, "आमची गाडी हाय." न् तो बाजूला झाला, का झाला देव जाणे.

डबा बघितला. उन्नती, रस्त्याकडची अख्खी बाजू नागडी. निळा गेला, हिरवा गेला, लाकडावर नुसता लाल रंगाचा एक हात मारलेला. खाली जमिनीवर रंगाचे पापुद्रे पडलेले, ढीग. देवू मशीन हातात घेऊन उभा, रडवेला. सुलूनं एक पापुद्रा उचलला. त्याच्यात निळा-हिरवा-निळा असे थर होते. तिनं तो पदराच्या टोकाला बांधला.

आमी चढलो. बाकांवर बसलो. शालू तिच्या पोरीच्या तारखेवर हात ठेवून बसली. ती बाजू अजून वाचलेली.

साहेब धावत आले. बोलले, "बाई, हे काम असं मध्येच थांबवता येत नाही."

मी बोलली, "मग नका थांबवू. आमी बसलेल्या हाय. आमाला पण खरवडा."

देवूनं मशीन बंद केलं. भिंतीतनं पिन काढली न् खाली ठेवलं. बोलला, "साहेब, माझ्याकडनं होणार नाय." त्याची नोकरी गेली असती, उन्नती. तरी बोलला.

मग साहेब माझ्यावर ओरडले. मला कमी ऐकू येतं, तरी शब्दन् शब्द कळला, एवढे ओरडले. शब्द मी दिलाच नव्हता, आत्ता आहे तशी म्हणालो होतो, पुढचं पुढे म्हणालो होतो, असं काय काय. मी बोलली, "होय, तसंच बोलला होतात. मी तवाच उन्नतीला लिवलं होतं का ते टोचतंय. तुमी फसवलं नाय. तुमी फक्त आमी पाठ फिरवायची वाट बघत होतात."

दुपार झाली. लोकं बघायला येऊन जात होती. एक बाई पोराला घेऊन आली, विचारलं, या कोण? शालू बोलली, "आमी प्यासेंजर." साहेब दाराशी खुर्ची टाकून बसलेले, न् हे ऐकून त्यांना हसू आलं. आलंच. लपवायला गेले पण आलं.

संध्याकाळी आत आले. खरवडलेल्या बाजूच्या बाकावर बसले, माझ्यासमोर. बोलले, "आई गेली तेव्हा मी परदेशात होतो. तिच्याबरोबरचं मला एवढंच आठवतं. ट्राम, मरून खिडकी, तिचा हात." मोठा माणूस असा बोलला का आपण काय करायचं?

मी बोलली, "साहेब, ती बाजू तुमी खरवडलीत, ती तुमची. रंगवा मरून रंगानं, करा पॉलिश, आईला बसवा तिथं. ही बाजू आमची. हिला हात लावायचा नाय. मधनं माणसं चालू देत."

त्यांनी दोन्ही बाजू बघितल्या. मग बोलले, "संग्रहालयात असं कुठंच नसतं."

सुलू बोलली, "आता असंल."

काशीआत्या


इगतपुरी
३० जून २०२४

काशीआत्या,

बाबांचा डोळा उत्तम. ते तुझं पत्र स्वतः वाचत होते आणि "आमाला पण खरवडा" इथे इतके हसले की डॉक्टरांनी डोळ्यावर ताण नको म्हणून पत्र काढून घ्यायला लावलं.

मी परत आले तेव्हा साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी राजीनामा लिहून नेला होता. त्यांनी तो उघडलाच नाही. म्हणाले, "मरून रंगाची नेमकी छटा शोधायची आहे. तू लागशील."

डबा उघडला लोकांसाठी. एका बाजूने चढायचं, दुसऱ्या बाजूने उतरायचं. चढताना मरून खिडक्या, पॉलिश केलेलं सागवान, चमकणारी पितळी दांडी. वळलं की निळा-हिरवा रंग, तराजूचा हूक, कोयत्याने कोरलेली तारीख. लोक मध्यभागी थांबतात. थांबतातच. तिथे काय करावं हे त्यांना कळत नाही, आणि मला तेच आवडतं.

पाटीवर देणगीदार लिहिलेलं नाही. लिहिलंय: "रंभाबाई आणि शिरगावच्या मासळी विकणाऱ्या स्त्रियांनी मिळवलेली ट्राम." शब्द तुझा आहे.

विश्वस्तांपैकी एकांनी वासाबद्दल लेखी तक्रार केली. माझ्याकडून खुलासा मागितला. मी लिहून दिलं, वास हा वस्तूचा भाग आहे, तो काढल्यास वस्तू अपूर्ण राहील. पुन्हा विचारणा आली. मी पुन्हा तेच लिहिलं. तिसऱ्यांदा साहेबांनीच उत्तर पाठवलं. त्यात काय होतं ते मला दाखवलं नाही, पण नंतर विचारणा आली नाही.

देवू नोकरीवर आहे. मरून बाजू त्यानेच रंगवली.

तिकडे उधाण कसं आहे? बातम्यांत किनाऱ्याचं काहीबाही दाखवतात. खरं लिही, लपवू नकोस.

उन्नती


शिरगाव
१८ ऑगस्ट २०२४

उन्नती,

खरं लिवते.

डबा होता ती जागा आता नाय. जुलैच्या उधाणात गेली. मी न् शालू उभ्या राहून बघितलं. आधी बांधाचे दगड सरकले, मग चूल मांडायचो तो ओटा, मग सगळंच. शालू रडली. मी नाय रडली. मी समुद्राला बोलली, घे, रिकामी जागा घे, आमी सामान कवाच हलवलं.

पण सुकी मासळी ठेवायला आता छप्पर नाय, ते खरं. बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या वलांड्या उभ्या करायला रेती नाय. किल्ल्याच्या वरच्या अंगाला पडीक जागा हाय, कुणी वापरत नाय. आमी कचेरीत विचारायला गेलो. एक बोलला दुसऱ्याकडं जा, दुसरा बोलला तिसऱ्याकडं. तिसरा बोलला, मासळीचा वास येईल, फिरायला येणाऱ्यांना त्रास होईल.

सुलू तिथंच हसायला लागली. आमाला तिला बाहेर काढावी लागली.

तर आमी विचारणं बंद केलं. गेल्या सोमवारी बांबू आणले, कुंदननं हायड्रानं जुने सागाचे दोन खांब आणून दिले, मंदाच्या जावयानं पत्रे दिले. त्याच पडीक जागेवर वलांड्या उभ्या केल्या. पहिला बोंबील आज चढवला. पाऊस उघडलाय, ऊन बरं हाय.

एक माणूस येऊन फोटो काढून गेलाय. परत येणार बोलला, कागद घेऊन. येऊ दे. आमी दिवसभर तिथंच असतो, पाळीपाळीनं. डबा नाय, पण बसायची सवय हाय.

तू विचारशील काय मदत करू. पैसे नको, पत्र नको. रजा काढ न् ये. साहेबांना पण आण, पण या वेळी पालघरला उतरायला सांग. न् बसायला काय तरी जाड आण, खाली दगड टोचतात.

काशीआत्या